बिनदेवळाचा रस्ता

चंद्रमौळीरावांना सायकल येत नव्हती, यात कोणाचं काही बिघडलं नव्हतं. पंचेचाळिशी उलटलेल्या, रजिस्ट्रार कचेरीत हेडक्लार्क असलेल्या, धोतराचा सोगा सांभाळत चालणाऱ्या गृहस्थाने दोन चाकांवर तोल सांभाळावा अशी अपेक्षा ना इंग्रज सरकारची होती, ना कुंभकोणातल्या कुठल्या देवाची. बिघडलं ते तिरुविडैमरुदूरच्या एका लग्नात, दुसऱ्या पंगतीला, सार वाढत असताना.

शेजारच्या पानावर वाल्टेरचे गोपालकृष्णराव बसले होते. हेही आपल्यातलेच, दक्षिणेत राहून घरात मराठी बोलणारे. फक्त पिढ्यान्‌पिढ्या तेलुगू मुलखात काढल्यामुळे तिखट जरा जास्त खाणारे. त्यांचा मुलगा व्यंकटेश तिकडे बंदराच्या कचेरीत लागला होता. चंद्रमौळीरावांच्या सरोजाने त्याला याच लग्नात पाहिलं होतं आणि आईला "बरा आहे" म्हणून सांगितलं होतं. आजवर आलेल्या स्थळांपैकी एकालाही सरोजाने "बरा" सोडाच, "असूं दे" देखील म्हटलं नव्हतं. तेव्हा चंद्रमौळीराव त्या पानाशेजारी आपोआप येऊन बसले नव्हते, हे सांगायला नको.

"आमचा व्यंकटेश सैकलीचा वेडा आहे," गोपालकृष्णराव साराची वाटी तोंडाला लावत म्हणाले. "पहाटें उठून समुद्राच्या कडेकडेनें जातो, तेथून सिंहाचलाच्या घाटांत चढतो, आणि उतरून कचेरीस हजर! तो म्हणतो, ज्या गांवास सैकलीचा रस्ता नाहीं, तें गांव कसलें? तुमच्या कुंभकोणांत काय आहे? देवळें, आणि विड्याचीं पानें."

माणसाने मुलीच्या बापाला काहीही बोलावं, कुंभकोणाच्या माणसाला कुंभकोणाबद्दल बोलू नये. चंद्रमौळीरावांचा घास हातातच राहिला.

"आहे की! आमच्याकडेहि रस्ता आहे. मीच रोज पहाटें स्वामिमलैपावेतों सैकलीनें जातों."

"समुद्र आहे काय?"

"आहे. थोडा पूर्वेस आहे."

"आणि डोंगर?"

"स्वामिमलै म्हणून सांगितलें की! मलै म्हणजे डोंगरच."

यातलं खोटं किती ते आपणच ठरवा. समुद्र पूर्वेला होता हे खरं. बैलगाडीने निघालं तर दुसऱ्या दिवशी लागत असे. डोंगराचं म्हणाल तर तंजावर जिल्हा असा सपाट आहे की इथे डोंगर हवा असेल तर बांधावाच लागतो, आणि स्वामिमलैला जुन्या लोकांनी भाताच्या खाचरांमधोमध तो बांधून, वर स्वामिनाथ देव बसवून ठेवला आहे. अशा डोंगराला नावं ठेवणं म्हणजे पूर्वजांच्या मेहनतीला नावं ठेवणं, असं चंद्रमौळीरावांचं मत होतं. सायकलीबद्दल मात्र त्यांचंही काही मत नव्हतं.

गोपालकृष्णराव खूष झाले. "मग ठरलें! पुढल्या महिन्यांत मुलगी पाहावयास येतों. व्यंकटेश पहाटें तुमच्यासंगें रस्ता पाहील, मग आम्ही सावकाश मुलगी पाहूं."

घरी आल्यावर विशालाक्षीबाईंनी एवढंच विचारलं, "अहो, तुम्हांस सैकल कधीं आली?"

"येईल."

"अप्पा, खरें सांगून टाका," सरोजा म्हणाली.

"खरें सांगितलें तर ते म्हणतील, बाप थापाड्या, मग मुलगी कशी असेल! आतां सांगितलें तें खरें करणें एवढाच मार्ग आहे." आणि हे म्हणताना त्यांना स्वतःच्या सत्यनिष्ठेचा मनापासून अभिमान वाटला.

सायकल मिळाली पोस्टातल्या एका निवृत्त इन्स्पेक्टराकडून. ती इतकी उंच होती की इन्स्पेक्टर तिच्यावरून पत्रपेट्या तपासत होते की नारळ, असा प्रश्न पडावा. ती भिंतीला टेकवताच अख्खी आळी गोळा झाली. कोणी म्हणालं, धोतर दांडीत अडकेल, पायजमा शिवा. कोणी म्हणालं, पायजमा घातलात तर श्राद्धाला बोलावणार नाही. एकाने आधी चाकांना हळदकुंकू लावायला सांगितलं, दुसऱ्याने आपल्या मेव्हण्याचा गुडघा कसा गेला ते सविस्तर सांगितलं. शिकवण्याचं काम मात्र समोरच्या राधाकृष्णरावांनी कोणी न विचारता अंगावर घेतलं. हे शाळेतले निवृत्त चित्रकला मास्तर. सायकलवर ते जन्मात बसले नव्हते, पण त्यामुळे त्यांच्या विचारांत कुठे गोंधळ नव्हता.

"सैकल म्हणजे भूमिति," ते म्हणाले. "तिला घाबरूं नये. चढण्याचा प्रश्न आपण ओट्यावरून सोडवूं."

आमच्याकडे घरापुढे ओटा असतो, त्याला इथे तिण्णै म्हणतात. खांब असलेला, कमरेएवढा उंच, आणि आळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत घराघराला. सायकल ओट्याला लावायची, ओट्यावरून अलगद आसनावर बसायचं, मास्तरांनी ढकलायचं, की गृहस्थ निघाले. आळीच्या टोकाला वळसा घालून परत यायचं आणि आपल्या घराच्या खांबाला मिठी मारायची. सायकल खालून निघून जाई, तिला मास्तर पकडत. ही पद्धत इतकी सोयीची होती की जमिनीवरून चढणं आणि जमिनीवर उतरणं या दोन गोष्टी शिकायच्या राहिल्या आहेत, हे गुरूच्याही लक्षात आलं नाही आणि शिष्याच्याही. महिना संपत आला तेव्हा चंद्रमौळीराव एका रेषेत जात होते, वळत होते, घंटीसुद्धा वाजवत होते. ओट्याशिवाय त्यांना जग मात्र नव्हतं.

मध्येच म्युनिसिपालिटीचा बिल्ला उपटला. सायकलला पत्र्याचा बिल्ला हवा, नाहीतर दंड. चंद्रमौळीराव कचेरीतले माणूस. कायद्याबाहेर त्यांनी कधी शिंकसुद्धा दिली नव्हती. ते बिल्ला आणायला गेले, तर तिथला कारकून राजगोपाल म्हणाला, "वाहन पाहिल्याशिवाय बिल्ला देता येत नाही."

"मग वाहन घेऊन येतो."

"बिल्ल्याशिवाय ते रस्त्यावर आणता येणार नाही."

"हातात धरून आणलं तर?"

"चाकं रस्त्याला लागतात की नाही?"

चंद्रमौळीरावांना राग यायला हवा होता. पण सत्तावीस वर्षं ते स्वतः लोकांना अशीच उत्तरं देत आले होते, त्यामुळे त्यांना मनातून कौतुकच वाटलं. शेवटी सायकल बैलगाडीत घालून नेली. गाडीत आडवी सायकल, तिच्याशेजारी उपरणं सावरून बसलेले चंद्रमौळीराव, आणि बाजारातला जो तो विचारतोय, "काय झालं? कुठे लागलं? डॉक्टरकडे चाललात काय?" हा प्रवास त्यांनी डोळे मिटून केला. राजगोपालने गाडीत वाकून घंटी वाजवून पाहिली आणि बिल्ला दिला.

बिल्ला मिळाला म्हणून दुसऱ्या दिवशी चंद्रमौळीराव प्रथमच आळीबाहेर पडले, आणि खरी अडचण पहिल्याच वळणावर उभी राहिली. ती म्हणजे देऊळ.

कुंभकोणात देवळासमोरून वाहनावर बसून पुढे जायची रीत नाही. उतरावं, वहाणा काढाव्यात, हात जोडावेत, मग निघावं. गाडीवाला उतरतो, घोडेवाला उतरतो, कलेक्टराचा हिंदू शिपाईसुद्धा उतरतो. चंद्रमौळीरावांनी आयुष्यभर हे पाळलं होतं, कारण ते आयुष्यभर पायीच होते. आता गोपुर समोर आलं, आणि उतरण्यासाठी आजूबाजूला ओटा एकही नव्हता. न उतरता जाणं म्हणजे पाप. निदान हात तरी जोडावेत म्हणून त्यांनी भक्तिभावाने दोन्ही हात जोडले.

पुढचं त्यांना ताकाच्या मडक्यांमध्ये आठवलं. ताकवाली ओरडत होती, राधाकृष्णराव मागून "कोन चुकला, कोन!" म्हणत धावत येत होते, आणि देवळातून परतणाऱ्या आळीतल्या वडीलधाऱ्या अलमेलू अम्माळ, ज्यांना सांगितलेली गोष्ट कावेरीपलीकडे जायला पाणी ओसरण्याचीही वाट पाहत नसे, कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या.

"देवासमोर सैकलीवर बसून जातोस, चंद्रमौळि? घरांत मुलगी आहे लग्नाची, आणि ही बुद्धि?"

"नमस्कारच करीत होतों, अम्माळ!"

"मग देवानें घेतला," म्हणून त्या निघून गेल्या.

पाहुणे चार दिवसांवर आले होते. उतरायला शिकायला वेळ नव्हता. एक प्रयत्न झाला, त्यात धोतर गेलं. मग राधाकृष्णरावांनी तोड काढली. "उतरतां येत नाहीं ना? मग उतरण्याचें कारणच टाळूं. देऊळ लागणार नाहीं असा रस्ता काढूं."

कुंभकोणात देऊळ न लागणारा रस्ता! याआधी कोणाच्या डोक्यात असा विचार आला असेल असं वाटत नाही, आणि पुढेही येऊ नये. मास्तरांनी मोठा कागद पसरला, गाव काढलं, आणि देवळाच्या जागी तांबडा ठिपका देत गेले. काम संपलं तेव्हा गावाला गोवर आल्यासारखं दिसत होतं. विशालाक्षीबाई अधूनमधून स्वयंपाकघरातून येऊन "इथला पिळ्ळैयार गणपति राहिला", "चिंचेखालची देवी विसरलांत" असं सांगून ठिपके वाढवून जात. तरीही मास्तर हरले नाहीत. परसदारची गल्ली, परटांचा घाट, भाताची गिरणी, कातडी वाळवतात ती जागा, स्मशान, मग कालव्याचा बांध धरून इन्नंबूरच्या खाचरांतून थेट स्वामिमलै. स्वामिमलैच्या वेशीवर एका नारळवाल्याचा ऐसपैस ओटा होता. तिथे उतरायचं, डोंगर पायी दाखवायचा, त्याच ओट्यावरून चढायचं आणि याच रस्त्याने परत.

"अप्पा, पाहुण्यास स्मशानांतून नेणार?" सरोजाने विचारलं.

"कडेकडेनें," चंद्रमौळीराव म्हणाले. मग जरा थांबून, तिच्याकडे न पाहता म्हणाले, "तूं 'बरा आहे' म्हणालीस ना? मग बापास करूं दे जें करावयाचें तें."

 धोतर अडकू नये म्हणून सरोजाने आपल्या वेणीची फीत त्यांच्या हातावर ठेवली आणि आत गेली.

पाहुणे आले. व्यंकटेश खरोखरच बरा होता: उंच, हसरा, मोठ्यांपुढे कमी बोलणारा. त्याने बाजारातून भाड्याने सायकल आणली होती. पहाटे आळी जागी होऊन ओट्यांवर बसली. चंद्रमौळीराव आपल्या ओट्यावरून सायकलीवर असे विराजमान झाले की जणू अंबारीतच बसले. मास्तरांनी मागून हळूच ढकललं आणि वरात निघाली.

"मामा, मोठ्या रस्त्यानें नको काय?" परटांच्या घाटावर ओल्या लुगड्यांखालून वाकून जाताना व्यंकटेशने विचारलं. आमच्याकडे वडीलधाऱ्या परक्यालाही मामाच म्हणतात.

"तो सर्वांचा रस्ता. हा माझा."

"समुद्र कोणत्या बाजूस आहे?"

हात सोडण्याची सोय नव्हती, म्हणून चंद्रमौळीरावांनी हनुवटीने पूर्व दाखवली. गिरणीशी कोंडा उडाला, दोघे पांढरे झाले. कातड्यांच्या जागी दोघांनी श्वास धरला. व्यंकटेशचा आधी सुटला. स्मशानाशी ताशांच्या आवाजात एक प्रेत समोरून आलं. "शुभशकुन!" चंद्रमौळीराव न डगमगता ओरडले. "निघतांना प्रेत समोर यावें, कार्य होतें." शास्त्रात तसं आहेच, पण मुलगी पाहायला आलेल्या पोराला ते त्या घटकेला पटवणं सोपं नव्हतं. तो मागून मुकाट येत राहिला.

कालव्याच्या बांधावर मात्र गंमत झाली. दोन्हीकडे हिरवं भात, मध्ये वाऱ्यावर चाललेल्या दोन सायकली, पाण्यात उतरलेले बगळे. चंद्रमौळीरावांना एकदम वाटलं की आपण खरंच रोज इथून जातो. जन्म कुंभकोणात गेला, पण गावाची ही बाजू त्यांनी कधी पाहिलीच नव्हती. रस्त्यात देव नव्हता म्हणून जायचं कारणच पडलं नव्हतं. ते गुणगुणू लागले. मागून व्यंकटेशने सूर धरला. आणि अशा सुखात असताना स्वामिमलै आली.

नारळवाल्याचा ओटा जागेवर होता. त्यावर सेलमकडून आलेली यात्रेकरूंची अख्खी मंडळी झोपलेली होती.

चंद्रमौळीरावांनी घंटी वाजवली. एकाने कूस बदलली. ओटा मागे पडला, समोर डोंगर आणि देऊळ. थांबता येईना, उतरता येईना, देवाला पाठ दाखवून वळणं तर शक्यच नव्हतं. डोंगराभोवती रथाचा रस्ता आहे. हँडल आपोआप तिकडे वळलं. एक फेरी झाली. ओट्यावर अजून झोपच होती. दुसरी फेरी सुरू झाली.

तिसऱ्या फेरीला फुलवाल्या उभ्या राहिल्या. तोंडाने अखंड "स्वामिनाथा, स्वामिनाथा" म्हणत, घामाने निथळत, सायकलीवर प्रदक्षिणा घालणारा भक्त त्यांनी याआधी पाहिला नव्हता. कोणीतरी "अरोहरा!" अशी जयजयकाराची आरोळी दिली. मग सगळ्या रस्त्याने दिली. कोणी विभूती उधळली, कोणी हार फेकला, तो व्यंकटेशच्या गळ्यात पडला. चंद्रमौळीराव कासावीस होऊन ओट्याकडे पाहत. यात्रेकरू उठले होते, पण आता हात जोडून ओट्याच्या कडेला रांगेत उभे होते.

"मामा," व्यंकटेश धापा टाकत शेजारी आला, "नवस किती प्रदक्षिणांचा आहे?"

इथे चंद्रमौळीरावांचे पाय संपले आणि मानही संपला. "बाळा, नवस नाहीं. मजला उतरतां येत नाहीं."

व्यंकटेशने आपली सायकल आणखी जवळ घेतली. मग म्हणाला, "घाबरूं नका. पाय थांबवा. ब्रेक हळू दाबा. मी आहें." तो स्वतः उतरला, सायकल रस्त्यावर सोडून दिली, धावत येऊन चंद्रमौळीरावांचं आसन दोन्ही हातांनी धरलं. "डावा पाय खालीं. आतां." आणि डावा पाय खाली टेकला. जमीन होती. चंद्रमौळीराव तिच्यावर उभे राहिले, आणि पहिली गोष्ट म्हणजे वर देवळाकडे पाहून त्यांनी राहिलेला नमस्कार केला.

मग तिथेच रस्त्याच्या कडेला बसून त्यांनी सगळं सांगितलं: पंगतीतली थाप, ओटा, बैलगाडी, तांबडे ठिपके. "मुलीस यातलें कांहीं लावूं नका. तिनें पहिल्याच दिवशीं सांगितलें होतें, खरें बोला. ती माझ्यासारखी नाहीं."

व्यंकटेश हसायला लागला तो डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. "मामा, स्मशानापावेतों मी समजलों तुम्ही नास्तिक आहांत. एकहि देऊळ लागूं दिलें नाहींत! मनांत म्हटलें, नास्तिक सासरा चालेल. इथें आल्यावर समजलों, वेडे भक्त आहांत. म्हटलें, तेंहि चालेल. पण दोन्ही एका माणसांत! अम्मास काय सांगावें हेंच कळेना."

"सासरा म्हणालांत," चंद्रमौळीराव हळूच म्हणाले. व्यंकटेशचे कान लाल झाले.

परतताना ते मोठ्या रस्त्याने आले. देऊळ दिसलं की व्यंकटेश म्हणे, "ब्रेक. पाय. उतरा." नमस्कार झाला की म्हणे, "चढा." त्या रस्त्याला जेवढी देवळं आहेत तेवढे धडे झाले, आणि गुरु-शिष्य दोघांनाही आज देवळं कमी वाटली. पहिल्या देवळाशी चंद्रमौळीराव पडले, पुढच्याशी अर्धे पडले, गावात शिरल्यावर नुसते लंगडले. ताकवालीने त्यांना लांबून पाहून मडकी उचलली, पण या वेळी त्याची गरज पडली नाही.

घरी तोवर आकांत होता. उपमा थंड झाला होता, गोपालकृष्णराव येरझाऱ्या घालत होते, मास्तर कागद पुढे घेऊन "या ठिकाणीं पडले असतील" असं बोट ठेवून दाखवत होते. एवढ्यात दोन सायकली आळीत वळल्या. चंद्रमौळीरावांनी ओट्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. आळीच्या मधोमध ब्रेक दाबला, डावा पाय टेकला, उतरले, उपरणं झटकलं. अलमेलू अम्माळच्या तोंडून "शरि, शरि", म्हणजे "ठीक, ठीक", निघालं. याहून मोठी शाबासकी त्या बाईंनी आजवर देवालाही दिली नव्हती.

मुलगी पाहण्याचा कार्यक्रम झाला. सरोजाने कॉफीचा पेला पुढे केला. गोपालकृष्णरावांनी रीतीप्रमाणे विचारलं, "मुलीस कांहीं विचारावयाचें आहे काय?" असं विचारल्यावर मुलीने मान खाली घालायची असते. सरोजाने मान वर केली.

"अप्पा पडले काय?"

व्यंकटेशने एकदा चंद्रमौळीरावांच्या फाटलेल्या धोतराकडे पाहिलं. "पडले," तो म्हणाला. "मग उतरावयास शिकले."

सरोजाने त्याच्याकडे नीट पाहिलं आणि हसली. खोलीतल्या बायांना त्यापुढे काही विचारायची गरज उरली नाही. विशालाक्षीबाई साखर आणायला धावल्या.

लग्न पौषानंतर ठरलं. घरात पेढे वाटले गेले, मास्तरांनी भूमितीचा विजय म्हणून दोन जास्त घेतले. सगळ्यांत आनंदी माणूस चंद्रमौळीराव असायला हवे होते, आणि ते होतेही. पण पाहुण्यांची गाडी सुटल्यावर ते ओट्यावर येऊन बसले, तेव्हा त्यांच्या प्रथमच लक्षात आलं की महिनाभर आपण घाम गाळून जे मिळवलं, ते म्हणजे आपली सरोजा आता या घरात राहणार नाही. वाल्टेर किती लांब आहे हे त्यांना माहीत होतं. पण ते इतकं लांब आहे हे आत्ता कळलं.  आतून सरोजाचा गुणगुणण्याचा आवाज आला, तेव्हा जरा बरं वाटलं आणि जरा जास्तच वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते सायकल घेऊन, वाटेत प्रत्येक देवळाशी उतरत, स्टेशनवर गेले आणि बुकिंगच्या खिडकीशी उभे राहिले.

"सायकल वाल्टेरला न्यायची झाली तर काय नियम आहे?"

कारकुनाने मान वर न करता सांगितलं, "तागाच्या गोणपाटात बांधून आणायची. हवा काढायची. आणि सायकल एकटी जात नाही, मालक त्याच गाडीत पाहिजे."

"मालक असणार."

"कधी निघणार?"

"लग्नानंतर लगेच जाणं बरं दिसणार नाही," चंद्रमौळीराव म्हणाले. "पंधरा दिवसांनी."

"आणि परतीचं?"

चंद्रमौळीरावांनी सायकलच्या आसनावरची धूळ उपरण्याने पुसली.

"लेक कंटाळली की बघू."